कोणता देव नाही म्हणतो, ते त्याला विचारा

‘ताई, नमस्कार. आम्ही महालात राहतो. मुलगा चोवीस वर्षांचा आहे. इंजिनिअर झाला, हिंगण्याला एमआयडीसीत नोकरी करतो. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या भासऱ्यांकडे, म्हणजे यांच्या थोरल्या भावाकडे, बसतात. लहानपणापासून तिथलं मखर, लायटिंग सगळं हाच करतो. यंदाही केलं. पहाटे बर्डीवर जाऊन फुलं आणि केवडा आणला. पण आरतीच्या वेळी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. हाक मारली तर म्हणे, “आई, मी देव मानत नाही. खोटे हात जोडण्यापेक्षा इथं बसलेला बरा.” पंगतीत मात्र शेवटपर्यंत वाढत होता. भासरे सगळ्यांसमोर बोलले, “मोबाइल पाहून पाहून पोट्टं बिघडून राहिलं.” जाऊबाई म्हणतात, कोणाला तरी दाखवा. रात्री मी त्याला विचारलं, देव नाही हे तुला कोणी सांगितलं, काय पुरावा आहे तुझ्याजवळ? तर म्हणतो, पुरावा मी कशाला देऊ? तुम्ही देव मानत नाही हे तुमच्या लिहिण्यातून मला माहीत आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. हे लोक विचार तरी कसा करतात? देवाची भीती नसलेला माणूस उद्या कसा वागेल? आणि माझं काही बरंवाईट झालं तर माझं पुढचं कोण करील? यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला हा एकटाच आहे.’

– एक आई, महाल, नागपूर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पायऱ्यांवर बसलेला तुमचा मुलगा डोळ्यांसमोर आला, दुसऱ्यांदा आरतीत उभ्या राहून सारख्या दाराकडे बघणाऱ्या तुम्ही.

हो, मी देव मानत नाही. पस्तीस वर्षं होत आली. माझे यजमान मानतात. दर चतुर्थीला ते टेकडीच्या गणपतीला जातात, मी त्यांना गाडीवर सोडते आणि ते येईपर्यंत बाहेर थांबते. सुरुवातीला यावरून आमच्यात खूप बोलाचाली झाली, नंतर थांबली. तेव्हा तुमच्या घरी जे चाललंय ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

आधी त्याचं ते वाक्य घेऊ, जे तुम्हाला समजलं नाही. ‘पुरावा मी कशाला देऊ?’ तुम्हाला ते उद्धट वाटलं असेल. समजा, उद्या गल्लीतली एक बाई तुमच्या दाराशी आली आणि म्हणाली, ‘तुमच्या यांनी माझ्याकडून पन्नास हजार उसने घेतले होते, ते द्या.’ तुम्ही काय म्हणाल? काही लिहिलेलं असेल तर दाखवा, म्हणाल. त्यावर ती म्हणाली, ‘लिहिलेलं काही नाही, पण घेतले नव्हते हे तुम्ही सिद्ध करा’, तर? कसं करणार? न घेतलेल्या पैशांची पावती कुठे मिळते? तुम्ही त्या बाईला खोटारडी म्हणत नाही. तिला मनापासून तसं वाटतही असेल. तुम्ही एवढंच म्हणाल की काही दाखवल्याशिवाय मी हे कर्ज अंगावर घेणार नाही. तुमच्या मुलाचं म्हणणं तेच आहे. ‘आहे’ असं जो म्हणतो, त्याने दाखवायचं.

इथे एक बारीक फरक आहे, तो घरोघरच्या भांडणात हरवून जातो. ‘देव नाही हे मला पक्कं माहीत आहे’ हे एक वाक्य. ‘देव आहे हे मला पटलेलं नाही’ हे दुसरं. मला भेटलेले बहुतेक नास्तिक या दुसऱ्या वाक्यात राहतात, चिडले की तेवढ्यापुरते पहिल्यात जातात. काही जण याहूनही पुढे जाऊन म्हणतात की हा प्रश्न माणसाच्या बुद्धीने सुटणाराच नाही. त्यांना अज्ञेयवादी म्हणतात. आपल्या अकोल्यात शिकून पुण्याला गेलेले, ‘सुधारक’ काढणारे आगरकर त्या वाटेचे होते.

माझे यजमान यावर म्हणतात, देव म्हणजे काय उसनवारीची चिठ्ठी आहे? तो अनुभवाचा विषय आहे. त्यांचं हे म्हणणं मी कधी उडवून लावलं नाही. टेकडीवरून परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झालेला असतो, मला तो दिसतो. त्यांच्या आत जे होतं ते खरंच होतं. ते तिथे कोणी ऐकणारा आहे म्हणून होतं, की अर्धा तास सगळी काळजी खाली ठेवून शांत बसल्यामुळे होतं, इथे आमचे रस्ते वेगळे होतात. तुमचा मुलगा तुमच्या मनाची शांती खोटी आहे असं म्हणत असेल, तर तो चुकतोय. पण पत्रावरून तो तसं म्हणाल्याचं दिसत नाही.

आता भासऱ्यांचा मोबाइल. त्यांना एवढं नक्की सांगा की हा वाद मोबाइलच्या फार आधीचा आहे आणि आपल्याच घरातला आहे. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे ते घडवणारा असणार, हा युक्तिवाद आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, मांडला. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी तो फार बारकाईने रचला. एवढी मेहनत त्यांना का करावी लागली? समोर हे न मानणारे विद्वान बसले होते म्हणून. बौद्ध होते, जैन होते, चार्वाकाच्या मताचे होते. घडा घडवताना आपण कुंभाराला पाहिलेलं असतं, जग घडवताना कोणी कोणाला पाहिलं, असं ते विचारत.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. वेदांतल्या यज्ञांची सगळ्यात कसून बाजू घेणारे जे मीमांसक, त्यांना जग निर्माण करणारा ईश्वर मान्य नव्हता. त्यांच्यातले सातव्या शतकातले कुमारिल भट्ट विचारतात, ईश्वराने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर जग होण्याआधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती, तर सगळं सुखाचंच का नाही केलं? वेदांसाठी आयुष्य वेचलेला माणूस हे विचारतो. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत तर ‘ईश्वरासिद्धेः’ असं सरळ सूत्र आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. तरी सांख्य आणि मीमांसा ही दोन्ही आस्तिक दर्शनं, कारण जुन्या अर्थाने नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. देव न मानणारा हा अर्थ त्या शब्दाला आज आपल्या बोलण्यात आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त जग कुठून आलं हे विचारत विचारत शेवटी म्हणतं की वर जो याचा अध्यक्ष आहे त्यालाच ते माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. हे सगळं मी भासऱ्यांना गप्प करण्यासाठी सांगत नाही. तुमचा मुलगा कुळाबाहेर गेलेला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

ताई, तुमच्या दंडावर एक गोल खोलगट व्रण असेल, बघा. माझ्या दंडावर आहे. तुमच्या-माझ्या वयाच्या बहुतेकांना तो असतो, तुमच्या मुलाला नाही. देवी टोचल्याचा व्रण. रोगाचं नावच ‘देवी’. माझी आजी सांगायची, घरात कोणाला देवी आल्या की दाराला कडुलिंबाचे डहाळे लागायचे, फोडणीचा वास वर्ज्य, औषध तर नाहीच, कारण ती अंगात आलेली आई, तिला औषध कसं द्यायचं? शितळेला दहीभात वाहायचा आणि ती आपणहून शांत होण्याची वाट बघायची. आजीची दोन भावंडं अशीच वाट बघता बघता गेली. नंतर कळलं की तो एक विषाणू होता. टोचणारे घरोघर फिरले. १९७५ साली आपल्या देशातला शेवटचा रोगी सापडला, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, नाव तेवढं भाषेत राहिलं.

न मानणाऱ्या माणसाच्या डोक्यात अशा गोष्टींची रांग असते. वीज कडाडते ती कोणाच्या कोपाने, ग्रहण लागतं ते कोण गिळतं म्हणून, पटकी येते ती कोणत्या मरीआईमुळे. एकेक कारण उलगडत गेलं आणि दर वेळी तिथे कोणी देव किंवा देवी बसलेली सापडली नाही. म्हणून उरलेल्या प्रश्नांतही ती सापडेल असं त्याला वाटत नाही. यातून देव नाही हे सिद्ध होतं का? होत नाही. विज्ञान सांगतं की विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांचं आहे. पण मुळात काही आहेच का, काहीच नसतं तरी चाललं असतं की, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. तिथे मी ‘माहीत नाही’ म्हणते. घरच्यांना हेच सगळ्यात जड जातं. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी भांडता येतं, ‘माहीत नाही’ म्हणून स्वस्थ बसलेल्याचं काय करायचं?

एवढं सांगून झालं तरी मला वाटतं, माणूस या वाटेला फक्त युक्तिवादाने लागत नाही. मी कशी लागले ते सांगते.

माझी आई न्यूमोनियाने दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर सतरा वर्षांची एक मुलगी होती, कावीळ डोक्यात गेलेली. तिची आई काटोलकडची. मुलीच्या उशीखाली गजानन महाराजांचा छोटा फोटो होता आणि ती बाई स्टुलावर बसून दिवसरात्र पोथी वाचायची, ओठ तेवढे हलायचे. आम्ही जेवायला बोलावलं की पान दुमडून यायची, दोन घास खाऊन परत तेच पान उघडायची. पाचव्या रात्री मुलगी गेली. माणसं गोळा झाली, रडारड झाली. सगळं आवरल्यावर त्या बाईने उशीखालून तो फोटो काढला, पदराने पुसला आणि पिशवीतल्या साडीच्या घडीत नीट ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझी आई धोक्याबाहेर असल्याचं सांगितलं. मावशीने पेढे आणले, ‘महाराजांनीच वाचवलं’ म्हणून प्रत्येकाच्या हातावर ठेवले. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

आमच्यापेक्षा त्या बाईने किती जास्त वाचलं होतं! मावशीला विचारलं तर म्हणाली, ‘त्याची लीला आपल्याला कळत नसते.’ मग मला प्रश्न पडला की त्याची लीला कळत नसेल, तर पेढ्याच्या वेळी ती कशी कळली? वाईट झालं तर कळत नाही, चांगलं झालं तर त्याने केलं, असा हिशेब मी घरच्या किराण्याचाही मान्य केला नसता.

पण हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या रात्रीने देव नाही हे सिद्ध झालं नाही. हाकेला धावून येणारा, नवस घेऊन निवड करणारा देव माझ्यापुरता त्या रात्री संपला, एवढंच झालं. जग निर्माण करून बाजूला झालेला, किंवा चराचरात भरलेला, कोणाच्या तापात हात न घालणारा असा काही देव असेल, तर माझ्या पेढ्याचा त्याच्याशी काही संबंध पोचत नाही. त्याच्याबद्दल मला फक्त एवढंच म्हणता येतं की तो आहे असं मला कशावरूनही दिसलं नाही. आणि ती काटोलची बाई अजून पोथी वाचत असेल, तर तिला अडाणी म्हणायचा मला काही अधिकार नाही.

म्हणून तुमच्या मुलाला ‘तू देव का मानत नाहीस’ असं विचारू नका. त्या प्रश्नावर तो वकिलासारखा उभा राहील. ‘तू कोणता देव नाही म्हणतोस’ असं विचारा. बोलायला जागा मिळते.

तुम्ही यजमानांचं जाणं पत्रात एका ओळीत उरकलंत. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. ते कसे गेले, आजार होता की अचानक, त्या दिवसांत घरात काय काय मानलं, बोललं, कोणकोणत्या देवळांत तो गेला, मला माहीत नाही. माझा अंदाज पूर्ण चुकीचाही असेल. तो नुसता वाचून, विचार करून इथवर आला असेल आणि तेही तितकंच खरं. पण त्या वेळी त्याने कोणाकडे काही मागितलं होतं का, हे त्याला आजवर कोणी विचारलं नसेल, तर ते तुम्ही विचारावं असं मला वाटतं. आरतीवरून भांडताना मात्र नको. एखाद्या रविवारी, दोघंच असताना.

देवाची भीती नसलेला माणूस कसा वागेल, हे तुम्ही नागपुरात राहून विचारता याचं मला नवल वाटलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही अशी आहे. आणि त्याच बावीसमध्ये चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन, याही आहेत. सृष्टी चालवणाऱ्या ईश्वराशिवाय शील सांभाळणारी हजारो घरं या शहरात आहेत, तिसरी-चौथी पिढी नांदतेय. तुमच्या ऑफिसात, शेजारात, मुलाच्या मित्रांत असतील. त्यांच्यातली चांगली माणसं चांगली का आहेत, हे त्यांनाच विचारा ना. माझ्यापुरतं सांगते, वर बघणारा कोणी नाही म्हटल्यावर माझी चूक माफ करणाराही कोणी वर उरत नाही. जिचं नुकसान केलं तिच्याच पुढे जाऊन उभं राहावं लागतं. ते सोपं जात नाही.

तेरवीचं. मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न हाच आहे, म्हणून तुम्ही तो शेवटी लिहिलात. माझ्या आईने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं की रामटेकला अंबाळा तलावावर सगळं नीट करा. मी भावासोबत गेले. गुरुजी सांगतील तेव्हा पाणी सोडलं, पिंडाला हात जोडले. त्या पाण्याने आईला काही पोचतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तिला शब्द दिला होता आणि तो पाळताना मला खोटं वागल्यासारखं जराही वाटलं नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलांचे विधी केले नाहीत, देहदान केलं आणि वर्षभर रोज आईजवळ जाऊन जेवले. तेही मला खोटं वाटत नाही. तुमचा मुलगा यातलं काय करील ते मी कसं सांगू? तुमची इच्छा काय आहे ते मात्र त्याला स्वच्छ सांगा, आणि तो काय करू शकेल, काय नाही, हे त्याच्या तोंडून ऐका. गृहीत धरून मनातल्या मनात कुढू नका. आरतीला बाहेर बसलेला मुलगा पंगतीत शेवटपर्यंत वाढत होता, हे तुम्हीच लिहिलंय.

जाऊबाईंचं ऐकू नका. कोणाकडेही नेऊ नका त्याला, ना बाबाकडे, ना गंडा-दोऱ्याला. तो आजारी नाही. भासऱ्यांना वाद घालू द्या, पण चारचौघांत त्याला बोलले तर तुम्ही मध्ये पडा. ते काम तुमचंच आहे. आणि मुलाला माझा एक निरोप द्या. तो आत येऊन तोंड वाकडं करत उभा राहिला नाही, बाहेर बसला, हे त्याने फार चांगलं केलं. तुमच्या देवघराबद्दल बोलतानाही त्याने तेवढीच अदब ठेवावी. पुढच्या वर्षी आरतीची वेळ त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे हाका मारायला नकोत. मखर तोच बांधील.

रविवारी बोलणं झालं तर मला कळवा. पत्र कितीही लांबलं तरी चालेल.